पातळी

मोतीबिंदूसाठी रक्त काढलं
आणि डोळा राहिला बाजूला.
पांढऱ्या पेशी एक्केचाळीस हजार.
लॅबवाल्या पोराने दोनदा मोजल्या,
मशीन बिघडलं असेल म्हणून.

जळगावच्या अत्तरदे डॉक्टरीणबाई
माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर गोल काढत म्हणाल्या,
काका, या पेशी लढत नाहीत,
नुसत्या जमतात.
जन्माला येतात, मरायचं विसरतात.
कॅन्सरच आहे, पण फार सावकाश चालणारा.
मग औषध?
आत्ता नाही. लक्ष ठेवायचं.
तीन महिन्यांनी या.

मला हसू आलं. त्यांना वाटलं, धक्का बसला.
कसं सांगू त्यांना,
एकतीस वर्षं मी दुसरं केलंच काय?

तापीच्या पुलाखाली खांबावर
काळी-पांढरी पट्टी.
एरवी दिवसातून तीनदा, पुरात दर तासाला
बॅटरीचा झोत धरून वाचायची,
रजिस्टरात उतरवायची.
पुढच्या रकान्यात कल: चढता, उतरता, स्थिर.
त्याच्या पुढे शेरा.
मग वायरलेसवर, नेहेते बोलतोय, लिहून घ्या.
नदी अडवणं माझ्याकडे नव्हतं.
साहेब म्हणायचे, तू फक्त खरं वाच.

घरी प्रमिला ओट्याशीच थांबली.
"सुई नई, गोयी नई,
अन् म्हने क्यान्सर हाये!
असा कसा व्हतो क्यान्सर?"
गल्लीलाही तेच पडलं होतं.
लीलाधर भिरूड पपईची पानं घेऊन आला,
जाताना म्हणाला, तब्येत तर बरी दिसते,
जणू मी काहीतरी लपवतोय.

बाईंनी विचारलं होतं, रात्री घाम येतो का?
बाई, वैशाखात भुसावळच्या माणसाला विचारता?
इथे पत्र्याखाली अख्खा मोहल्ला भिजतो.
त्यातला माझा कुठला
आणि तिचा कुठला, कसं ओळखू?
माघात मात्र एकदा उशी ओली झाली.
प्रमिलेला उठवलं नाही.
अंधारात मानेवरची गाठ चाचपली,
बोराएवढी. कालही बोराएवढीच होती.
की काल बोर लहान होतं?

पाचव्या आठवड्यात गुपचूप लॅब गाठली.
चव्वेचाळीस.
चार रात्री झोप नाही.
पावती शर्टाच्या खिशात भिजून निघाली,
प्रमिलेने ती दोरीवर वाळत घातली,
माझ्या बनियनशेजारी, चिमटा लावून.
बोलली काही नाही.

त्या श्रावणात पाणी
इशाऱ्याच्या रेघेखाली चार बोटं येऊन थांबलं होतं.
अकरा तास.
अकरा वेळा लिहिलं, स्थिर.
काठावर लोकांनी गाठोडी बांधलेली,
दावी सोडलेली.
माझ्याही डब्यात कळण्याची भाकरी होती, ती मी खाल्ली.
रेघ वाचायला मला भीती कधी वाटली नाही.
भीती वाटायची दोन नोंदींच्या मधल्या पाण्याची,
जेव्हा मी बघत नसायचो
आणि ते वाहत असायचं.

आता तीन महिन्यांची नोंद आहे. मधलं पाणी फार.
बाई म्हणतात, कदाचित वर्षानुवर्षं असंच राहील,
कदाचित औषध लागेल. लागलं तर आहे.
लसी घ्या, ताप आला तर अंगावर काढू नका,
लग्नाच्या पंगतीत मास्क लावा.
मास्क लावून वरण-बट्टी कशी खायची
ते त्यांनी सांगितलं नाही.

मोतीबिंदू मात्र काढून घेतला.
आता ती पट्टी चष्म्याशिवाय वाचता आली असती.

नातीच्या उरलेल्या वहीत रकाने आखले आहेत.
तारीख. पांढऱ्या. प्लेटलेट. कल. शेरा.
जुन्या रजिस्टरात शेऱ्याला मी काय काय लिहायचो:
दाट धुकं.
पुलाखालून उपटलेली केळीची बाग वाहत गेली.
साहेब ओरडायचे, एवढं नको.

आजची नोंद:
सेहेचाळीस हजार. प्लेटलेट ठीक.
कल, चढता.
शेरा: बामणोदची वांगी आली, भरीत झालं.
सकाळी मानेला हात लावायचा विसरलो.